पहिली आगळीक

कोल्हापुरात मला माणसांत ठेवलं ते माझ्या घरमालकांनी. हे आधी सांगून टाकतो, मग काय झालं ते सांगतो. कारण घडलेलं सांगायला लागलो की मी घाबरतो, भलतीकडे जातो, आणि ज्यानं हात दिला तो माणूसच सांगायचा राहून जातो. शाळा मी पाचवीत सोडली, तेव्हा लिहिण्यात उणंअधिक होईल ते सांभाळून घ्यावं. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. न विचारता एखाद्याचं नाव चार लोकांत नेणं हीसुद्धा ते आगळीकच मानतात.

आगळीक हा त्यांचा शब्द. गल्लीत त्यांना तोंडावर वकीलसाहेब म्हणत आणि पाठ वळली की आगळीकसाहेब. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. "पाठीमागं बोलले की न्हाय? मग ठीक. तोंडावर बोलले असते तर आधी कोण बोललं ते बघावं लागलं असतं," असं म्हणत.

उंच, वाळका माणूस. काळा कोट, करकरणाऱ्या वहाणा, बारा महिने छत्री आणि कोटाच्या खिशात खडूचा तुकडा. पक्षकार फीसह आला तर ते खुर्चीवरून उठत नसत, पण गल्लीत दोन बायका नळावर भांडायला लागल्या की जेवण टाकून खाली उतरत. भांडण सोडवायला नव्हे. तिथं जाऊन खडूनं जमिनीवर दोन वर्तुळं काढायची. एकीला विचारायचं, "तू कुठं उभी होतीस?" दुसरीला, "आणि तू?" मग पहिलीला, "हिनं घागर ढकलली. बरं. त्याच्या आधी?" तिनं काही सांगितलं की दुसरीला, "त्याच्या आधी?" बायका मागं मागं जात कालच्या हळदीकुंकवापर्यंत, गेल्या साली आणलेल्या उसन्या पिठापर्यंत पोचत. तोवर घागरी भरून वाहत असत, आणि त्या दोघी एक होऊन म्हणत, "जावा की वो साहेब घरला! काय हे!"

ते समाधानानं घरी येत. "भांडण मिटलं," असं अक्कांना सांगत.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, निपाणीकडच्या. त्यांच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं असायचं. वयानं लहान असेल त्याला त्या तम्मा म्हणत, तसं मलाही म्हणत. एकदा मांजरानं दूध सांडलं तर अक्कांनी त्याला लाटणं फेकून मारलं. वकीलसाहेब ओसरीवरून आत आले, सांडलेल्या दुधाभोवती त्यांनी खडू फिरवला आणि म्हणाले, "लाटणं फेकलं हा हल्ला. दूध प्यालं ही चोरी. पण पातेल्यावर झाकण कोणी ठेवलं नव्हतं? आगळीक तिथं."

अक्का म्हणाल्या, "झाकण तुम्हीच काढलंसा. चहा करून घेतलासा नव्हं मघाशी?"

साहेबांनी खडू खिशात टाकला आणि मांजराला ओसरीवर बोलावून उरलेलं दूध पाजलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हसू आलं होतं. पुढं जे झालं ते पाहिल्यावर त्या मांजराची आठवण वेगळ्या तऱ्हेनं येते.

मी विदर्भातला, चांद्याकडचा. कोल्हापूरला येणं माझ्या मनात कधीच नव्हतं. मी एका फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर इंजिन चालवायला म्हणून फिरत होतो. कोल्हापूरजवळ इंजिन जाम झालं. मालक म्हणाला, "तू इंजिनाजवळ थांब, दुरुस्त झालं की निरोप पाठव, आम्ही गाडी धाडतो." तंबू पुढं गेला. मी इंजिनाबरोबर उद्यमनगरातल्या एका कारखान्यात राहिलो. इंजिन दुरुस्त झालं, निरोप गेला, गाडी आली नाही. दुसरा निरोप गेला. इंजिनावर धूळ बसली. शेवटी कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मला म्हणाले, "पावणं, इंजिन ठेवून घेतलं तसं तुलाबी ठेवून घेतो. ओतकाम शिकणार?" मी शिकलो. वाळूत साचा दाबायचा, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लाल रस ओतायचा, साचा फोडायचा. साच्याची वाळू काळी असते, कोळशाची भुकटी घातलेली. संध्याकाळी मी गुडघ्यापासून दंडांपर्यंत काळा होऊन निघत असे.

खोली शोधत वकीलसाहेबांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी भाडं, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. विचारलं, "इथं कसा आलास?" मी इंजिनाचं सांगितलं. "त्याच्या आधी?" तंबूचं सांगितलं. "त्याच्या आधी?" गावचं सांगितलं. "त्याच्या आधी?" शाळा का सोडली ते सांगितलं. बाप जंगलात कंत्राटदाराकडे होता, झाड अंगावर पडून गेला, आईला हाताशी कोणी नव्हतं. हे मी कोल्हापुरात कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे शाळा तू सोडली न्हाईस. शाळेनं तुला सोडलं. आगळीक तुझी न्हाय. मागची खोली घे."

त्या शब्दाचा त्यांना एवढा सोस का, ते हळूहळू कळलं. वकिली सुरू करण्याआधी ते संस्थानच्या दरबारात कागद वाचायला होते. जुने करारमदार, शेजारच्या जहागिरींशी झालेले तंटे, सरहद्दीच्या तक्रारी. त्या कागदांत हा शब्द सारखा येई. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या. पण त्यांच्या डोक्यातून तो शब्द काही हलला नाही. रात्रीचं जेवण झालं की सुपारी कातरत मला सांगत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं:

"हल्ला म्हंजे काय ते म्हशीलाबी कळतं. आगळीक माणसालाच कळते."

त्यांचं म्हणणं असं. फौज चालून आली, गाव जाळलं, हा हल्ला. तो सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या आधी कोणीतरी ओढ्यापलीकडचं गवत कापलेलं असतं. कोणीतरी पलीकडच्या पळपुट्याला अलीकडे आसरा दिलेला असतो. पाण्याचा पाट रातोरात वळवलेला असतो. आपली हद्द सोडून टाकलेलं ते पहिलं पाऊल म्हणजे आगळीक. त्या पावलाचा आवाज होत नाही, म्हणून पुढं लोक विसरतात, आणि मार देणारा तेवढा गुन्हेगार ठरतो. कोर्टातसुद्धा तेच. काठी कोणी मारली हे दहा साक्षीदार सांगतील. वाट कोणी अडवली हे सांगणारा एक मिळत नाही.

"आणि एक आगळीक तर कुणाच्या ध्यानातच येत न्हाय," असं म्हणून ते अडकित्ता खाली ठेवत. "तंटा वरच्या दरबारापुढं गेलाय, निकाल व्हायचाय, आणि मधल्या मधी कुणीतरी कायतरी करून टाकतो. झाड तोडतो, बांध हलवतो, नुसतं तोंड उघडतो. प्रकरण पुढं असताना हात लावणं हा निकालावरच हल्ला. त्यात रगत न्हाय, आरडाओरडा न्हाय. म्हणून ती सगळ्यांत वाईट."

अक्का आतून म्हणत, "तम्मा, तू झोप जा. ह्यांचं 'त्याच्या आधी' संपेपर्यंत उजाडंल."

आता माझ्यावर आलं ते सांगतो.

कारखान्यातून घरी येताना वाटेत एक तालीम लागायची. दाराला लागून दगडी कट्टा, कट्ट्यावर संध्याकाळी पैलवान बसलेले, अंगाला अजून लाल माती. मी खाली मान घालून जात असे. कारखान्यातून निघताना नळावर हातपाय धुवायची माझी सवय होती, पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. तसाच निघालो. तालमीपाशी आलो आणि वाटलं, असा काळा होऊन घरात कसा जाऊ, अक्कांनी नुकतंच सारवलेलं असेल. डबा कट्ट्याच्या टोकाशी ठेवला. उजव्या मांडीवर थाप मारली, डाव्या मांडीवर मारली, मग दोन्ही दंडांवर. वाळू घट्ट बसली होती म्हणून जोरात मारली, चांगला आवाज झाला. आणि वर पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते. ओळख दाखवावी म्हणून मी हसलो.

कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. तालमीच्या दारात उभं राहून मांड्या-दंडांवर थापा म्हणजे शड्डू. शड्डू म्हणजे 'ये, कोण येतो ते.' इथल्या रांगत्या पोरालाही हे कळतं, आणि माझ्या कारखान्यातला कोणी माणूस स्वप्नातसुद्धा तिथं धूळ झाडणार नाही. म्हणूनच मला कोणी ते सांगितलं नव्हतं. आमच्या मुलखात मांडीवर थाप मारली तर मच्छर मरतो, एवढंच.

कट्ट्यावरून एक तरणा पैलवान उठला. तालमीच्या वस्तादांचा सगळ्यांत लाडका. थोड्याच दिवसांत खासबागेच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती होती.

"का रं? कुणाला बोलवायलास?"

"नाई जी, मी काई नाई..."

"जी?" तो मागं वळून म्हणाला, "जी म्हणतोय बघा. वकिलाचा भाडोत्री न्हवं का ह्यो? शिकवून धाडलाय."

त्यानं खाली येऊन माझ्या मानेवर पंजा टाकला. मी कुस्ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. घाबरून मी जीव खाऊन त्याला ढकललं आणि बाजूला झालो. कट्ट्याच्या पायरीवर थंडाईची भांडी नुकतीच विसळलेली होती. त्याचा पाय सरकला, आणि एवढा मोठा माणूस मनगटावर आपटला. हाडाला चीर गेली.

तक्रारीत लिहिलं गेलं ते असं: मी तालमीपुढं येऊन शड्डू ठोकला, आव्हान दिलं, हसलो आणि पैलवान जवळ येताच हल्ला करून त्याला पाडलं. खोटं यात कोणीच बोलत नव्हतं. हीच तर पंचाईत होती. सगळ्यांनी शड्डू पाहिला होता, हसणं पाहिलं होतं, ढकलणं पाहिलं होतं. चौकीवरचे जमादार मला म्हणाले, "शड्डू ठोकलास न्हवं? मग आता रडतोस कशाला?" कळंब्याच्या तुरुंगाचं नाव मी कारखान्यात चेष्टेत ऐकलं होतं. त्या संध्याकाळी चौकीच्या बाकावर बसून मी त्याच्या भिंती मनात बांधत होतो. आईला काय कळवणार? आणि कोण कळवणार? जामीन राहील असा माझा या गावात एक माणूस नव्हता, असं मला वाटत होतं.

बाहेर वहाणा करकरल्या. वकीलसाहेब छत्री टेकत आत आले. जमादारांनी सगळं वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन साहेबांनी विचारलं, "बरं. त्याच्या आधी?"

जमादार म्हणाले, "साहेब, त्याच्या आधी मी च्या पीत हुतो."

साहेब हसले नाहीत. त्यांनी जामिनावर सही केली आणि मला म्हणाले, "डबा कुठाय तुझा?" डबा तालमीच्या कट्ट्यावरच राहिला होता. "राहू दे. तो पुरावा आहे. घरी चल, अक्का थांबलीय."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला कारखान्याच्या दारातच अडवलं. वाईट माणूस नव्हता तो. पण तालीम गल्लीची, गिऱ्हाईक गल्लीचं. म्हणाला, "निकाल लागूपर्यंत नको येऊस. कोर्टाचं लचांड कारखान्यात नको बाबा." मी परत फिरलो. तासाभरानं साहेब मला हाताला धरून पुन्हा तिथं घेऊन गेले, भट्टीच्या धगीत काळा कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, ह्यानं हल्ला केला का न्हाय ते कोर्ट ठरवणार आहे. ठरलं का?"

"न्हाय अजून."

"मग तू आधीच ठरवलंस. प्रकरण पुढं असताना ह्याला काढलास म्हंजे तू कोर्टावर चालून गेलास. ही आगळीक. ह्याच्यासाठी जुन्या काळात जहागिरी गेल्यात."

अण्णांची जहागीर म्हणजे दोन भट्ट्या आणि एक लेथ. त्यांनी एकदा भट्ट्यांकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "जा, साचे भर."

त्या दिवसांत मला अन्न जात नव्हतं. तारीख जवळ येत होती. एकदा जेवताना मी अक्कांना विचारलं, "पैलवान माझ्यावर वकिलाचा भाडोत्री म्हणून का चिडला?" साहेब ओसरीवर होते. अक्कांनी आवाज उतरवून सांगितलं. ते वस्ताद आणि साहेब एकेकाळी एका ताटात जेवणारे दोस्त. दोघं त्याच तालमीत वाढले. साहेब शिकले, वस्ताद कुस्ती खेळत राहिले. एका मोठ्या कुस्तीला साहेब पंच होते. हाताला हात मिळवून मगच कुस्ती सुरू व्हायची, हा रिवाज. वस्ताद हात मिळवायच्या आधीच जोडीदाराच्या अंगावर गेले. साहेबांनी कुस्ती थांबवली आणि ती समोरच्याला दिली. सगळ्या मैदानापुढं. वस्ताद त्यानंतर मैदानात उतरलेच नाहीत, पोरं तयार करत राहिले. आणि साहेबांनी वीसेक वर्षं त्या तालमीचा उंबरा ओलांडला नव्हता. "ह्यांचं म्हणणं एकच, आगळीक त्याची," अक्का म्हणाल्या. "खरंच हाय ते. पण तम्मा, तालमीवरनं जाताना हे छत्री आडवी धरतात. ऊन असो नसो."

रविवारी सकाळी साहेब मला घेऊन तालमीपुढं गेले. खडू काढला. मी उभा होतो तिथं वर्तुळ, डबा होता तिथं वर्तुळ, पैलवान बसला होता तिथं, पडला तिथं. गल्ली गोळा झाली. पैलवान हात गळ्यात बांधून दारात उभा होता. मग साहेबांनी मला उलटं चालवलं. खरोखरच पाठीमागं. "इथं शड्डू ठोकलास. त्याच्या आधी?" डबा ठेवला. "त्याच्या आधी?" अंगाकडे पाहिलं. "त्याच्या आधी?" असं करत मी, मागं साहेब, मागं पोरं, मागं म्हशी घेऊन निघालेला एक गवळी, अशी वरात थेट कारखान्याच्या नळापर्यंत गेली. साहेबांनी नळ फिरवला. त्या रविवारीही पाणी नव्हतं. रविवार असून अण्णा आलेले होते. त्यांच्याकडून साहेबांनी गल्लीपुढं वदवून घेतलं की त्या संध्याकाळीही नव्हतं. मग वाळूची एक मूठ घेऊन त्यांनी माझ्या मांडीवर चोळली आणि म्हणाले, "झाड." मी झाडली. थाप तशीच वाजली. पोरं हसली, मोठी माणसं मान हलवू लागली.

परत तालमीपाशी आलो तेव्हा वस्ताद दारात आले होते. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. ते उंबऱ्याच्या आत, साहेब बाहेर.

"वस्ताद," साहेब म्हणाले. ही हाक त्यांनी वीसेक वर्षांनी मारली होती. "ह्या पोराची आगळीक न्हाय. सिद्ध झालं."

"व्हय. झालं," वस्ताद म्हणाले. "मला पटलं. पर माझ्या पोराचा हात मोडला, त्याची कुस्ती गेली. त्यानं ह्याच्या मानंला हात का घातला, ते इचारा की."

"का?"

"तुमच्या घरचा म्हणून."

"त्याच्या आधी?"

"तुम्ही मला मैदानात खाली मान घालाय लावलासा म्हणून."

"तू हात मिळवायच्या आधी अंगावर गेलास. आगळीक तुझी."

"गेलो. न्हाय म्हणत न्हाय." वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. "त्याच्या आधी?"

भट्टीचा पंखा बंद केल्यावर कारखान्यात होतं, तसं गल्लीत झालं. साहेबांच्या हातात खडू होता. तो प्रश्न त्यांना आजवर कोणी उलटा विचारला नव्हता. मला वाटलं, आता हे चिडतील, छत्री उचलतील, निघून जातील, आणि माझी तारीख मला एकट्याला बघावी लागेल.

वस्ताद म्हणाले, "मी सांगू?"

"नको." साहेबांनी हात वर केला. "मी सांगतो. आदल्या सांजेला दूधकट्ट्यावर दूध पीत मी बसलो होतो. पंच नेमलेला. कुस्ती व्हायची होती. आणि मी चार लोकांत म्हणालो, उद्या हा घाई करणार, हात मिळवायची वाट बघणार न्हाय. आणि गेला तर मी त्याला सोडणार न्हाय."

"ते रातीच माझ्या कानावर आलं," वस्ताद म्हणाले. "झोप लागली न्हाय. सकाळी मैदानात उतरलो तवा समोरचा जोडीदार मला दिसंनाच. तुम्हीच दिसत हुतासा. माझ्या मनात न्हवतं वो घाई करायचं. पर तुम्ही म्हणाला हुतासा. पाय आपसूक उचलला."

साहेबांनी हातातला खडू खिशात टाकला. मग मला म्हणाले, "ऐकलास? प्रकरण पुढं होतं. निकाल मी आदल्या दिवशी दिला, आणि कुस्ती मागनं झाली." हे ते मला सांगत होते, पण बोलत होते स्वतःशीच.

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. वहाणा काढल्या. आणि काळ्या कोटानिशी उंबरा ओलांडून आत गेले. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेशी गुडघे टेकताना त्यांना त्रास झाला, तरी कोणाचा हात धरला नाही. लाल माती उचलून कपाळाला लावली, थोडी मिशांवर सांडली. उठून वस्तादांपुढं उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिली आगळीक माझी."

वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले असावेत, पण त्या तालमीत असलं काही कोणी कबूल करत नाही. ते म्हणाले, "माती कपाळाला लावायची असती वो. मिशा कशाला रंगवल्यासा?" आणि मग दोघंही असे हसले की मी हातात छत्री धरून बाहेर रडत होतो ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पैलवानाच्या तेवढं आलं. तो बऱ्या हातानं माझा डबा घेऊन आला. डबा धुतलेला होता.

तक्रार मागं घेतली गेली. कोर्टात साहेब उभे राहिले आणि फार थोडं बोलले. तिथल्या कारकुनांना ते नवलच वाटलं. पैलवानाचा हात बरा होईपर्यंत साहेब रोज सकाळी स्वतः दुधाचा लोटा घेऊन तालमीत जात. मला नेऊ देत नसत. "ही शिक्षा माझी हाय, तू मधी हात घालू नको," म्हणत. हात बरा झाल्यावरही लोटा थांबला नाही. मग कळलं की दूध पैलवान पितो आणि हे दोघं म्हातारे चहा पितात आणि भांडतात.

आणि एक झालं. त्याच रविवारी वस्ताद मला म्हणाले, "पावणं, पुन्हा कधी नळाला पाणी नसलं तर?" साहेबांनी खडू घेतला आणि तालमीपुढच्या फरशीवर एक नवं वर्तुळ काढलं. "ह्याच्या आत उभा राहून थापा मारल्या तर ती धूळ. ह्याच्या बाहेर मारल्या तर शड्डू." वस्ताद म्हणाले, "लई लहान काढलंसा, माणूस मावला पायजे." साहेब म्हणाले, "लई मोठं काढलं तर तुझी पोरं आत येऊन शड्डू ठोकतील." त्या वर्तुळाच्या मापावर ते दोघं जेवायच्या वेळेपर्यंत भांडले. शेवटी मला आत उभं करून माझ्या मापानं काढलं.

तेव्हापासून कारखान्यातून जाणारे लोक, मी एकटा नव्हे, सगळे, त्या वर्तुळात थांबून अंग झाडतात. तो पैलवान कट्ट्यावरून ओरडतो, "रेघंवर पाय पडला बघ! येऊ का खाली?" आणि आम्ही सगळे हसतो. खडूची रेघ पायांनी पुसते, पावसानं धुऊन जाते. साहेब ती पुन्हा काढायचे, कोट सावरून, वाकून, कोणी बघत नसताना.

मी एकदा त्यांच्या पाया पडायला गेलो तर पाय मागं घेतला. "न विचारता पायाला हात लावतोस? आगळीक कुणाची मग?" मी म्हटलं, "मग विचारून लावू का जी?" तर म्हणाले, "विचारलंस तर मी न्हाय म्हणणार." म्हणून तेही राहून गेलं.

आता मी कारखान्यात माझे साचे माझे मी भरतो, हाताखाली माणसं आहेत, आईला इकडं आणून ठेवली आहे. तिला अक्का थोरल्या बहिणीसारखं वागवतात. पण साहेबांचे गुडघे गेले. या पावसाळ्यात रेघ पुसली ती पुन्हा काढायला त्यांना वाकता आलं नाही. खडू माझ्याकडे दिला. मी काढतो, पण माझी रेघ त्यांच्यासारखी गोल येत नाही, आणि वस्ताद रोज त्यावरून मला बोलतात.

म्हणून इथं लिहून ठेवतो. अण्णांच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या भट्टीचा पहिला दिवस कधीतरी येईल. त्या दिवशी इंजिनाचा भाग नाही, कोणा गिऱ्हाइकाचं काही नाही. पहिला रस ओतीन तो एका गोल कड्यासाठी, वर्तुळ काढलं तेव्हाच्या माझ्या मापाच्या. ते बिडाचं कडं तालमीपुढच्या फरशीत मी माझ्या हातानं बसवीन, म्हणजे पुन्हा कोणाला वाकावं लागणार नाही. वस्तादांना मी आधीच विचारून ठेवलं आहे. साहेबांना मात्र विचारणार नाही. विचारलं तर ते नाही म्हणतील. एवढी एक आगळीक मी त्यांच्याशी करणार आहे.